भरतीचा रकाना

मुलांसाठीच्या प्लॅनरमधले शनिवार-रविवारचे चौकोन अर्ध्या आकाराचे असतात, हे विकत घेईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोमवार ते शुक्रवार ऐसपैस, सहा-सहा ओळींचे. शनिवार-रविवार मात्र एकाच चौकोनात, मधून रेघ मारून वाटून दिलेले. छापणाऱ्याचा हिशेब सरळ होता: मुलांना त्या दिवशी सुट्टी, मग लिहिणार काय?

आमच्याकडे कोकणात आंजर्ल्याला, पर्यटकांच्या घरगुती मुक्कामाच्या चार खोल्यांत, नेमकं उलटं. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागतात, शनिवारी चारही खोल्या भरलेल्या, रविवारी दुपारची जेवणं आटोपून पाहुणे गेले की मागे चादरींचा ढीग. मुलंही त्यात असतात. थोरली सोलकढीचे ग्लास भरते, धाकटा पाहुण्यांना समुद्राची वाट दाखवतो आणि शहाळ्यांचा हिशेब ठेवतो. सोमवारी सगळे आडवे. म्हणजे सगळ्यात जास्त घडतं त्या दोन दिवसांना मिळून एक चौकोन, आणि ज्या सोमवारी घरात कोणी काडी हलवत नाही त्याला सहा ओळी.

मे महिना तर छापलेलाच नव्हता. जून ते एप्रिल अशी पानं, आणि मेच्या जागी 'माझी सुट्टी' असं लिहून खाली रंगवायला एक चित्र. कोकणात मे महिन्यात सुट्टी असलेला माणूस मला कोणीतरी दाखवावा. आंबा उतरवायचा, आमसुलं वाळवायची, पाहुणे डोक्यावर, आणि वर आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, घाई.

साडेसहाशेला एक, असे दोन प्लॅनर मी जुलै २०२२ मध्ये मागवले होते. थोरली तेव्हा बारा वर्षांची, धाकटा नऊचा.

मुलांना घरी शिकवायचं असा निर्णय वगैरे आम्ही घेतला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि सासऱ्यांची सुपारीची बाग एका दुपारीत झोपली. पुण्याहून पास काढून आलो ते पडलेली झाडं बाजूला करायला, महिनाभरासाठी. लाईट कित्येक आठवडे नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. शाळेचे ऑनलाइन वर्ग कुठले दिसायला? मुलं दिवसा आजोबांच्या मागे बागेत आणि रात्री कंदिलाशी गोष्टीची पुस्तकं घेऊन. वर्ष उलटलं, आम्ही परत गेलो नाही आणि शाळाही राहिलीच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो, घरी शिकणाऱ्यांबद्दल गप्प आहे. गावात सुरुवातीला लोक विचारायचे, आता विचारत नाहीत. त्यावर मी इथे अधिक लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

पहिली दोन वर्षं बरी गेली. अडचण आली ती अर्धवटपणाची. चौदा पानं चिकटवून सोडलेली झाडांच्या पानांची वही. तिसऱ्या प्रकरणावर थांबलेलं गणिताचं पुस्तक. मातीत रोवून विसरलेलं पर्जन्यमापक, म्हणजे कापलेली बाटली. "काल काय केलंस?" विचारलं की उत्तर एकच, "वाचलं." आणि दोन मुलांची सगळी कामं माझ्या डोक्यात. कोणाचं पुस्तक वाचनालयात परत करायचंय, कोणाचे अपूर्णांक कच्चे आहेत, कोणाला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. मी विसरले की घर विसरलं. म्हणून प्लॅनर.

पहिला आठवडा सणासारखा. स्टिकर, रंगीत पेनं, शीर्षकांना सावल्या. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याचा प्लॅनर सोफ्याखाली सापडला. थोरलीचा मात्र अगदी भरलेला, सुबक. मी खूश. मग एका रविवारी बघते तर बुधवारच्या चौकोनात 'भूगोल, दोन तास'. बुधवारी आम्ही दिवसभर दापोलीत होतो, दातांसाठीच. ती दर रविवारी संध्याकाळी बसून अख्खा आठवडा एकटाकी भरून काढत होती. मी खूप बोलले तेव्हा. आता वाटतं, त्या वहीचा तिला जेवढा उपयोग कळला तेवढा तिने केला. आईला दाखवायची वस्तू होती, तिने ती नीट सजवून दाखवली.

यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट. पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून ओटीवर टांगलं. आठ ते नऊ मराठी, नऊ ते दहा गणित, असं. शाळा सोडून घरी आलेल्या मुलांच्या डोक्यावर मीच शाळा बांधली, आणि घंटाही मीच. तीन आठवडे चाललं, त्यातले दोन भांडणात. एका सकाळी नऊच्या ठोक्याला दोघंही गायब. शेजारच्या काकींबरोबर खडकांवर कालवं काढायला गेलेली. साडेअकराला आली, गुडघ्यापर्यंत चिखल, धाकट्याचं बोट कापलेलं, दोघं भलतीच आनंदात. मी तोंड सोडलं. सासरे पडवीत अडकित्ता चालवत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "अगो, समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो. तुझं गणित रोज नवालाच कसं येतं?"

मी तेव्हा चिडलेच. पण वाक्य डोक्यात राहिलं.

भरतीची वेळ काढायची इथली रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडं गेलं की पूर्ण ओहोटी. सासऱ्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ, त्यामुळे ते कालनिर्णयाकडे एकदा बघतात आणि वेळ सांगून मोकळे होतात. धाकट्याला मी दोन महिने पाऊण म्हणजे तीन छेद चार हे शिकवत होते, कागदाच्या घड्या घालून, भाकरीचे तुकडे करून. आजोबांनी एका संध्याकाळी भरतीवर शिकवलं. त्याच आठवड्यात पुठ्ठ्याचं वेळापत्रक मी चुलीत घातलं.

नवी वही दापोलीच्या बाजारातून आणली, साधं दोनशे पानी लाँगबुक, दोघांना दोन. अट एवढीच की रेघा स्वतः मारायच्या आणि रकाने स्वतः ठरवायचे. थोरलीने पहिल्या पानावर मारलेले रकाने मला अजून आठवतात: वार, तारीख, तिथी, भरती, ओहोटी, लाईट, पाहुणे. अभ्यासाचा रकाना नाहीच. मी गप्प राहिले, जिभेला चावा घेऊन. दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच कळलं आणि उजवीकडे एक रुंद रकाना वाढला, 'कामं'. पण डावीकडचे ते रकाने आधी आले, हे महत्त्वाचं ठरलं. पाच वाजता ओहोटी आहे म्हणजे संध्याकाळ खडकांवर जाणार. दुपारी लाईट नाही म्हणजे व्हिडिओ सकाळी बघून घ्यायचे. शनिवारी आठ पाहुणे म्हणजे शनिवारी एकच काम, आणि तेही सोपं. दिवसाचा आकार आधी दिसला की त्यात काय मावेल ते मूल स्वतःच ठरवतं. छापील प्लॅनरमध्ये दिवसांची मापं आधीच शिवलेली, कपडे मात्र कोणालाच बसत नाहीत.

पहिल्या दिवशी तिने अकरा कामं लिहिली, चार झाली, आणि ती फुरंगटून बसली. सासूबाई नारळ सोलत होत्या. त्यांनी तिला विचारलं, "एका बैठकीत किती नारळ सोलून होतात तुझ्याने?" ती म्हणाली, तीन. "मग तेवढेच काढ खळ्यात. बाकीचे अडगळीत असू देत, पळून जात नाहीत." तेव्हापासून दिवसाला तीन कामं. चौथं लिहायचं असेल तर पहिल्या तिनांतलं एक खोडायचं.

सासूबाईंच्या कालनिर्णयाबद्दल लिहायलाच हवं, कारण घरातला सगळ्यात जुना प्लॅनर तोच. स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेला. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ मध्ये सुरू केलं आणि ते मूळचे मालवणचे, म्हणून सासूबाईंना त्याचा वेगळा अभिमान, जणू माहेरचं माणूस. चौकोनात दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, गाय भरवल्याची तारीख, सुपारीवाल्याला दिलेला शब्द. आणि मेच्या पानामागे आगोटीची यादी. ती त्या सुरुवातीपासून लिहीत नाहीत, शेवटापासून लिहितात. सगळ्यात खाली 'मृग, ७ जून'. त्याच्या वर 'लाकडं आत'. त्याच्या वर 'कौलं चाळणं'. त्याच्या वर 'चाळायला माणसं सांगणं'. असं वर वर चढत अक्षय्य तृतीयेपर्यंत. मी बारा वर्षं ती यादी बघत होते. ती नियोजनाची रीत आहे हे मला थोरलीने वही आखायला घेतल्यावर समजलं.

दर सोमवारी संध्याकाळी, पाहुणे नसताना, दोघं कालनिर्णय खाली उतरवून पडवीत बसतात आणि आठवड्याच्या तिथी वहीत उतरवतात. भरतीची वेळ तोंडी काढायची. मग मुलांनी त्याची तपासणी सुरू केली, मी न सांगता. खाडीच्या धक्क्याच्या पायऱ्या मोजायच्या, किती ओल्या, किती कोरड्या, आणि घड्याळ बघून वहीत टिपायचं. पाऊणकीची वेळ आणि धक्क्यावरची वेळ यांत अर्धा तास, कधी पाऊण तासाचाही फरक निघाला. दोन महिन्यांच्या नोंदींवरून थोरलीने शोधलं की भरती रोज ४५ मिनिटांनी सरकत नाही, सरासरी ५० च्या आसपास सरकते, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी हिशेब मागे पडतो. मोठ्या तोऱ्यात आजोबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "होडीला चालतं तेवढं."

धाकट्याचं मात्र या वहीशी जमेना. त्याला लिहायचा कंटाळा, आणि लिहिलेलं पुन्हा बघायचा त्याहून कंटाळा. त्याच्यासाठी तीन करवंट्या आणि काजूच्या बिया. एक बी म्हणजे एक काम, वर खडूने खूण: गणिताला फुली, वाचनाला गोल, बागेच्या कामाला रेघ. करायचं, चाललंय, झालं, अशा तीन करवंट्या खिडकीत. बी उचलून पुढच्या करवंटीत टाकताना जो आवाज होतो तो त्याला फार आवडायचा. हे दोन महिने झकास चाललं. मग एका दुपारी परसातून भाजलेल्या काजूचा वास आला. 'झालं'च्या करवंटीतला सगळा अभ्यास दोघांनी मिळून भाजून खाल्ला होता. त्याचं म्हणणं, झालेली कामं ठेवून काय करायची? मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

वहीकडे तो वळला तो कासवामुळे. आमच्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासवमित्र ती अंडी काढून कुंपणात, नव्या खड्ड्यात ठेवतात आणि वर पाटी लावतात: कधी सापडली, किती अंडी. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस, वाळू किती तापते त्यावर. जानेवारी २०२३ मध्ये पहाटेच्या फेरीत धाकट्याला एक घरटं दाखवलं गेलं, १२ तारखेचं. घरी येऊन त्याने बोटांवर, मग कालनिर्णयावर मोजलं. ५० दिवस म्हणजे ३ मार्च. पण वहीत मार्चचं पान होतं कुठे? रेघा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच मारलेल्या. पानं मोजत पुढे जाऊन मध्येच ३ मार्च लिहिलं तर तिथपर्यंत पोचेस्तोवर ते कोणाला आठवणार? शेवटी थोरलीने तोडगा काढला. वहीची मागची चार पानं 'लांबचं' म्हणून राखायची. जे पान अजून आखलेलं नाही तिथलं सगळं इथे, आणि दर सोमवारी आधी 'लांबचं' उघडायचं.

दुसरा प्रश्न त्याचाच. "पण पन्नासावा दिवस नक्की का?" नक्की नाही. मग ती तारीख पेनाने लिहायची का? यातून घरात एक नियम तयार झाला, जो आता मीही पाळते. पेन्सिलीची तारीख आणि पेनाची तारीख. कासवं, आंब्याचा पहिला उतारा, पाऊस, 'बहुतेक येतो' म्हणणारे पाहुणे हे पेन्सिलीने. परीक्षा, फॉर्मची मुदत, गणपती, १ जूनपासूनची दोन महिन्यांची मासेमारी बंदी हे पेनाने. पेन्सिलीच्या तारखेला जायचं नसतं, तिच्या आधी थोडे दिवस लक्ष ठेवायला लागायचं असतं. धाकटा २६ फेब्रुवारीपासून रोज पहाटे कुंपणापाशी. ३ मार्चला काही नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती. वहीत त्या दिवशी त्याने तीन कामांच्या जागी एकच लिहिलंय, 'आले', आणि खाली चौऱ्याऐंशी ठिपके.

मध्ये एक मोठी चूक माझ्याकडून झाली. थोरलीने पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं, वहीत आईने लिहायचं नाही. मी कबूल केलं होतं. एका रात्री तिची वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली दिसली, 'विज्ञानाच्या व्याख्या पाठ करने' असं लिहिलेलं. हात शिवशिवला. लाल पेन समोरच होतं. 'ने'चा 'णे' केला, मग जवळचाच एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, आणि झोपायला गेले. सकाळी ती काही बोलली नाही. वही कोनाड्यात गेली आणि नऊ दिवस तिथेच राहिली. नऊ दिवसांत घर पुन्हा जुन्यासारखं, सगळं माझ्या डोक्यात. दहाव्या दिवशी मी माफी मागितली, तीही धड नाही, चहा देता देता. तिने वही काढली, लाल खुणांचं ते पान दुमडून शिवलं, अगदी सुई-दोऱ्याने, आणि पुढच्या पानावर रेघा मारल्या. ते शिवलेलं पान अजून तसंच आहे.

जुलै २०२३ चा महिना कोणाच्याच वहीत नाही. कौलाची एक गळती थेट कोनाड्यावर, आणि शाई सगळी खाली उतरली. तेव्हापासून पावसाळ्यात बॉलपेन, आणि वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.

एक रकाना पुढे वाढला तो 'वाटलं' आणि 'लागलं'. काम लिहिताना किती वेळ लागेल असं वाटतं तो आकडा, केल्यावर खरा लागलेला. धाकट्याच्या मते गणिताचं एक पान दहा मिनिटांचं, लागायची पस्तीस. थोरलीचं उलट, निबंधाला दोन तास लिहायची आणि पन्नास मिनिटांत उरकायची, कारण मनातून तिला त्याची भीती. मी हे आकडे पाहून कोणाला काही म्हणायचं नाही असं ठरवलं, आणि बहुतेक वेळा पाळलं. साधारण चार महिन्यांत दोन्ही आकडे जवळ यायला लागले.

खरी कसोटी २०२४ मध्ये. थोरलीला चौदा पूर्ण झाली, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, सगळे एनआयओएस म्हणतात त्यातून, दहावीला नाव घालता येणार होतं. राज्य मंडळाच्या परीक्षेला शाळेबाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म हाही रस्ता होता. आम्ही एनआयओएस निवडलं कारण विषय थोडे थोडे करून देता येतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नाव घातल्यापासून पाच वर्षांची मुदत. मोकळीक मोठी. पण मोकळीक म्हणजे पुढे ढकलायलाही जागा मोठी.

पुढे ढकलायची आमची खूण म्हणजे बाण. काम राहिलं की उजवीकडे बाण, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं. तीन बाण झाले की चौथा मारायचा नाही, थांबून विचारायचं: तुकडे करायचे, कोणाची मदत घ्यायची, की सरळ खोडायचं. खोडणं हा पर्याय असतो हे मुलांना पटायला वेळ लागला. पानांची ती चौदावर थांबलेली वही शेवटी एके दिवशी रीतसर खोडली गेली आणि घरातल्या सगळ्यांना हलकं वाटलं.

एनआयओएसमध्ये घरी सोडवून द्यायच्या असाइनमेंट असतात, टीएमए म्हणतात, त्यांना लेखी गुणांत २० टक्के वजन. थोरलीच्या वहीत 'विज्ञान टीएमए' हे काम दिवाळीनंतर आलं आणि त्यावर बाण सुरू झाले. एक, दोन, तीन. तिने नियम मोडून चौथा मारला. मग पाचवा. मला दिसत होतं, कारण ती वही आता उघडीच ठेवायची, आणि वाचायला बंदी नव्हती, लिहायला होती. अकरा बाण झाले. मुदतीची तारीख 'लांबचं'मध्ये पेनाने होती, सगळं रीतीप्रमाणे, आणि तरी काम जागचं हलत नव्हतं.

बाराव्या दिवशी ती आजीजवळ जाऊन बसली. काय बोलणं झालं मी ऐकलं नाही, मी खोल्या झाडत होते. संध्याकाळी वहीत एक पान उभं नाही, आडवं आखलेलं. सगळ्यात खाली मुदतीची तारीख, पेनाने. त्याच्या वर 'टेकडीवर जाऊन अपलोड', कारण घरी रेंज बेभरवशाची, आणि मुदतीच्या आधी चार दिवस, कारण लाईट आणि आभाळ दोन्हींचा भरवसा नाही. त्याच्या वर 'फोटो काढणे, सकाळच्या उजेडात'. त्याच्या वर 'स्वच्छ लिहिणे, दोन बैठका'. वर 'कच्चं'. आणि सगळ्यात वर, त्याच दिवसासाठी, एकच ओळ: 'प्रश्न उघडून नुसते वाचणे. सोडवायचे नाहीत.' वाटलं १० मिनिटं. लागलं ७. पानाच्या डोक्यावर शीर्षक: 'आगोट'.

त्या सात मिनिटांत तिला दिसलं की सहा प्रश्नांपैकी चार येतातच. मग बाण आले नाहीत असं नाही, दोन आलेच. अपलोडच्या दिवशी टेकडीवर तीन वेळा चढलो, कारण फाईलचा आकार मोठा झाला होता आणि तो लहान करायचं 'काम' कोणीच लिहिलेलं नव्हतं. चार दिवस हाताशी होते म्हणून निभावलं. तिने आगोटीच्या यादीत मागाहून ती ओळ घुसवली, 'आकार लहान', पुढच्या विषयांसाठी.

एप्रिलमध्ये ती तीनच विषयांना बसली, उरलेले दोन पुढे ठेवले. त्या महिन्यात पाहुणेही होते, आंबाही होता. परीक्षेच्या दिवसांत भरती-ओहोटीचे रकाने रिकामेच राहिले असतील असं मला वाटलं होतं, पण ते भरलेले होते, वेळेसकट.

या वर्षी सासूबाईंनी कालनिर्णयाच्या पानामागे लिहायचं सोडून धाकट्याकडून रेघा मारून एक वही घेतली. रकाने त्यांचे त्यांनी ठरवले, त्यात 'गुडघे' असा एक आहे, दुखले की फुली. मागची चार पानं 'लांबचं'. धाकट्याने विचारलं, आजी, तू लांबचं काय लिहिणार? त्यांनी 'नवी कलमं, आठ, पाच वर्षं' असं लिहून दाखवलं. पेन्सिलीने.

थोरलीने परवा आपल्या पैशांनी नवं लाँगबुक आणलं. मी भांडी लावत होते, ती ओटीवर पट्टी घेऊन रेघा मारत होती. जाता-येता नजर गेली. वार, तारीख, तिथी, भरती, ओहोटी, पाहुणे, कामं, वाटलं, लागलं, आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, त्याच्या डोक्यावर नाव नाही, नुसता एक ठिपका. पहिल्या तीन दिवसांत त्या रकान्यात काहीतरी लिहिलेलंही आहे, फार बारीक अक्षरात. मी चष्मा लावला नाही.